खोटे व्हायरस-इशारे: एकेक साइट ब्लॉक करावी की परवानगीच बंद ठेवावी?

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ असं नोटिफिकेशन आलं की आधी त्यातली बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘गूगल क्रोम’ आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसला, तर तो इशारा अँटिव्हायरसचा नाही. ‘तुम्ही रोबो नाही ना? अलाउ दाबा’ म्हणणाऱ्या एखाद्या पानावर कुणीतरी अलाउ दाबलेलं असतं. अशा वेळी स्कॅन करून बहुधा काहीच सापडत नाही, कारण शिरलेली फाइल नसते, साइटला नोटिफिकेशन पाठवायची दिलेली परवानगी असते.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग नोटिफिकेशन्स, तिथे क्रोमचं बटण बंद केलं की लगेच शांतता. पण व्हॉट्सअ‍ॅप वेबही गप्प होतं आणि परवानगी तशीच राहते. बटण चालू केलं की इशारे परत. घाईपुरतं ठीक.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं गेलात की परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसते. नावापुढच्या तीन टिंबांवर ‘रिमूव्ह’ आणि ‘ब्लॉक’ असतं. ‘रिमूव्ह’ केलेली साइट पुन्हा विचारू शकते, म्हणून ‘ब्लॉक’च दाबा. खरा वैताग पुढेच आहे. ही मंडळी एका नावावर धंदा करत नाहीत. एका पानावरून दुसरीकडे ढकलतात, कधी पत्त्यातला नुसता आकडा बदलतात. आज एक नाव ब्लॉक केलं, उद्या दुसरं अलाउ मागतं आणि घरातलं कुणीतरी न वाचता देतं. परवानगीच बंद ठेवण्याकडे माझा कल वळला तो यामुळे.

क्रोमच्या त्याच नोटिफिकेशन्सच्या पानावर वर ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ अशा अर्थाचा पर्याय आहे. तो निवडला की कोणतीही नवी साइट विचारतच नाही. मात्र आधी दिलेल्या परवानग्या त्याने रद्द होत नाहीत. इथेच बरेच जण फसतात. म्हणून आधी यादी साफ करा, मग हा पर्याय निवडा आणि शेवटी ‘अ‍ॅड’ दाबून व्हॉट्सअ‍ॅप वेबसारख्या हव्या त्या साइट्स हाताने घाला. क्रोमच्या प्रत्येक प्रोफाइलमध्ये हे वेगळं करावं लागतं. फायरफॉक्समध्ये नोटिफिकेशन्सच्या सेटिंग्जमध्येच नव्या विनंत्या अडवण्याची चौकट आहे.

ऑफिसात रोज नव्या साइट्सची नोटिफिकेशन्स लागत असतील, तर एकेक ब्लॉक करणं कदाचित सोयीचं पडेल. चौघांत मिळून वापरायच्या कॉम्प्युटरवर मी तरी परवानगीच बंद ठेवेन. एवढं करूनही इशारे आले, तर एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राम्सची, यादी उघडा आणि ओळखीचं नसेल ते काढून टाका.