लिंक एक्सचेंज सेवा: लिंका वाढतात, वाचक वाढतात का?

दुसऱ्या साइटवरून लिंक मिळाली की गूगलमध्ये आपण वर दिसू आणि वाचक येतील, या आशेने साइटवाले लिंकांची अदलाबदल करतात. ती जुळवून देणाऱ्या सेवांचा साचा ठरलेला आहे. साइट नोंदवायची, विषय निवडायचा, दुसऱ्याची लिंक आपल्या लेखात घातली की क्रेडिट जमा होतं आणि ते खर्चून तिसऱ्याच साइटवर आपली लिंक लावून घ्यायची. थेट देवाणघेवाण दिसू नये म्हणून हा त्रिकोण. नोंदणी सोपी, डॅशबोर्ड सुटसुटीत, जोडीदारही पटापट मिळतात. इथवर तक्रारीला जागा नाही.

खोट आहे ती जोडीदार निवडण्याच्या निकषात. बहुतेक याद्या डोमेन रेटिंग किंवा डोमेन ऑथॉरिटीच्या उतरंडीने लावलेल्या असतात. साइटकडे येणाऱ्या लिंकांवरून तिची ताकद सांगणारे हे आकडे: पहिला एएचरेफ्स या कंपनीचा, दुसरा मॉझ या कंपनीचा. गूगल क्रमवारी लावताना यातलं काहीच बघत नाही. शिवाय हे दोन्ही आकडे लिंका गोळा करूनच फुगवता येतात. रेटिंग ६० आणि सर्चमधून येणारे वाचक जवळजवळ शून्य, अशी साइट मिळाली तर तिथून आपल्याकडे येणार कोण?

लिंक लागली असं डॅशबोर्ड म्हणाला तरी पान स्वतः उघडावं. कंट्रोल आणि यू दाबून सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, काढायचा आणि त्यात आपला पत्ता शोधायचा. लिंकच्या टॅगमध्ये ‘नोफॉलो’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ (ही लिंक क्रमवारीसाठी धरू नका, अशी गूगलला खूण) आहे का? वर हेडमध्ये ‘नोइंडेक्स’ लिहिलंय का? तसं असेल तर ते पान गूगलच्या निकालात येणारच नाही, मग लेख कितीही देखणा असो. कॅनॉनिकल, म्हणजे पानाचा मूळ पत्ता कोणता हे गूगलला सांगणारा टॅग, दुसऱ्याच पत्त्याकडे बोट दाखवत नाही ना, हेही बघावं. सगळ्यात फसवा प्रकार अनाथ पानांचा: लेख आहे, लिंक आहे, पण साइटच्या मेनूतून, कॅटेगरीतून किंवा दुसऱ्या लेखातून तिथे जायला वाटच ठेवलेली नसते. फक्त क्रेडिट कमवायला लिहिलेलं पान ते.

गूगलच्या स्पॅम धोरणात अति प्रमाणातली लिंक अदलाबदल आणि केवळ एकमेकांना लिंक देण्यासाठी बनवलेली पार्टनर पानं, दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. एप्रिल २०१२ मध्ये आलेला पेंग्विन हा गूगलचा बनावट लिंका पकडणारा अल्गोरिदम सप्टेंबर २०१६ पासून मुख्य अल्गोरिदमचाच भाग झाला आणि तेव्हापासून अशा लिंका बहुधा गुपचूप निकामी केल्या जातात. डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन ही गूगलची स्पॅम ओळखणारी एआय यंत्रणाही याच कामाला लावली. नोटीस येत नाही, वेगळा दंड होत नाही, नुसता उपयोग होत नाही. त्यामुळे सेवा चालते आहे असा समज महिनोन्महिने टिकतो. मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, झाली तर ती सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात दिसते. मग लिंका काढा, उरलेल्या डिसअव्हाउ करा (या लिंका धरू नका असं गूगलला कळवा), फेरविचाराचा अर्ज द्या, ही सगळी उस्तवार.

खर्च केलेला वेळ वसूल होतो तो हाताने जुळवलेल्या चार-पाच भागीदाऱ्यांत. वाचक तोच, विषय शेजारचा, असा जोडीदार बघावा: एकीकडे कॅमेऱ्यांची परीक्षणं, दुसरीकडे फोटो एडिटिंगचे धडे. लिंक फुटरमध्ये किंवा ‘आमचे मित्र’ पानावर नको. रॉ फाइल (कॅमेऱ्याचा प्रक्रिया न केलेला फोटो) कशी उघडायची हा प्रश्न जिथे पडतो, त्याच परिच्छेदात हवी. लिंकचे शब्दही वाक्यात मुरलेले असावेत. प्रत्येक साइटवर तोच कीवर्ड ठोकून बसवला की सौदा लगेच उघडा पडतो.

मोजमाप गूगल ॲनालिटिक्सच्या ट्रॅफिक ॲक्विझिशन अहवालात, रेफरल या ओळीखाली. फक्त क्लिक मोजू नयेत, त्या वाचकांचा एंगेजमेंट टाइम, म्हणजे पान समोर ठेवून घालवलेला वेळ, तोही बघावा. एक गफलत हमखास होते: जोडीदाराच्या टॅगमध्ये ‘नोरेफरर’ (वाचक कुठून आला ते लपवणारी खूण) असेल तर तिथून आलेला वाचक ‘डायरेक्ट’ या ओळीत जमा होतो आणि चांगली भागीदारी फुकट गेली असं वाटतं. आधी पत्त्याला यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी शेपटी, जोडून द्यावं, आपल्या पानावर कॅनॉनिकल नीट ठेवावं, आणि महिनाभराने आकडा बघूनच जोडीदार बदलायचा की नाही ते ठरवावं.