पॉप-अप ट्रक कॅम्पर आतून नवा करताना: कोणतं सामान घ्यावं, कोणतं टाळावं

पॉप-अप कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसणारी, छत वर उचलता येणारी राहायची छोटी खोली. त्याचं सामान निवडताना एक गोष्ट डोळ्यांसमोर हवी: हा कॅम्पर बराच काळ बंद असतो. छत खाली उतरलेलं, कापडी भिंती दुमडून आत आलेल्या, छत उचलणारे घडीचे पॅनेल एकमेकांवर टेकलेले आणि खालून रस्त्याचे हादरे. घरात किंवा मोठ्या व्हॅनमध्ये उत्तम चालणारं सामान इथे नापास होतं ते याच अवस्थेत. म्हणून पुढची पारख बंद कॅम्पर धरून केली आहे.

पूर्ण गुण फक्त ब्यूटाइल टेपला, म्हणजे फटी बुजवायच्या रबरासारख्या चिकट पट्टीला. रंग, गाद्या, दिवे यांच्या आधी काम ओलीचं. खिडक्या, छतावरचं व्हेंट आणि कोपऱ्यांतले जॅकचे (कॅम्पर ट्रकवरून उचलणाऱ्या पायांचे) ब्रॅकेट यांच्याभोवती टोच्याने दाबत जा. तो सहज आत रुतला तर मागचं लाकूड कुजलंय. ओलावा मोजायच्या मीटरवर २० टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर पॅनेल उघडं ठेवा, १५ च्या खाली आल्याशिवाय बंद करू नका. खिडकी पूर्ण काढा, जुना मसाला खरवडा, स्पिरिटने पुसा. मग ३ मिमी जाड आणि २० ते २५ मिमी रुंद टेप चौकटीला मागून सलग लावा. टेपचा जोड वरच्या कडेला येऊ देऊ नका, कारण पाणी तिथेच साचून आत शिरतं. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत न्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा, कारण टेप सावकाश दबतो. बाहेर आलेला भाग प्लास्टिकच्या पट्टीने कापा. ब्यूटाइल वर्षानुवर्षं मऊ राहतं, त्यामुळे हादऱ्यांनी फट पडत नाही. मात्र ऊन त्याला सोसत नाही. छतावरच्या जोडांवर वरून लॅप सीलंट (जोडावर पसरायचा, ऊन सोसणारा मसाला) हवंच.

सिलिकॉन या कामाला घेऊ नये. ते हलणाऱ्या जोडावर कडेने सुटतं, आणि एकदा लागलं की त्या जागी रंग बसत नाही, दुसरं सीलंट बसत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही.

प्लायवूडमध्ये निवड वजनावर होते. ८ बाय ४ फुटी १२ मिमी बर्च प्लाय साधारण २४ किलो भरतो, पॉपलर १५ किलोच्या आसपास. बाकं आणि कपाटांना तीन शीट लागल्या तर फरक सत्तावीस किलोंपर्यंत जातो, म्हणजे तेवढे लिटर पाणी. कपाटांच्या सांगाड्याला पॉपलर घ्या. बिजागरीचा ताण येणाऱ्या जागी, म्हणजे छताचे घडीचे पॅनेल आणि बाकांची झाकणं इथे, बर्चच. पॉपलर मऊ असल्यामुळे वारंवार काढ-घाल होणारे स्क्रू त्यात सैल होतात. तिथे आरपार बोल्ट किंवा धातूचे थ्रेड इन्सर्ट (आतून आटे असलेल्या नळ्या) बसवा. जोड गोंद आणि स्क्रू दोन्हींनी करा. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, हादऱ्यांनी त्यांची डोकी तुटतात. कापलेल्या प्रत्येक कडेला पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात द्या, प्लाय पाणी तिथूनच पितो. एमडीएफ जड आहे आणि ओल लागली की फुगतो, त्याचा विचारही नको.

जड सामान मागच्या ॲक्सलच्या पुढे येईल अशी मांडणी करा. काम संपल्यावर पाणी, गॅस आणि माणसांसकट गाडी वजनकाट्यावर नेऊन ट्रकला मंजूर असलेल्या कमाल एकूण वजनाच्या आकड्याशी ताडून पाहा. छताला आतून ठोकलेली प्रत्येक पट्टी, प्रत्येक दिवा दर मुक्कामाला हातांनी उचलावा लागणार आहे, हेही धरून चाला.

रंगाच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. जुने पॅनेल म्हणजे ३ मिमी प्लायवर चिकटवलेला छापील कागद किंवा व्हिनाइल. तो आधी डीग्रीझरने धुवा, मग १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक जाईल एवढाच घासा. जास्त घासलं तर कागद फाटून त्याचे तंतू उभे राहतात. त्यावर चिकट पकडीचा बाँडिंग प्रायमर आणि रंगाचे दोन पातळ हात. इथपर्यंत सगळं घरासारखंच. पण भिंतीचा नेहमीचा ॲक्रिलिक लॅटेक्स रंग वाळल्यावरही थोडा मऊ राहतो. छत खाली केलं की रंगवलेले दोन पृष्ठभाग उन्हात एकमेकांवर दाबले जातात आणि चिकटतात. छत उघडताना रंगाचे पापुद्रे निघतात. पाण्याचाच पण युरेथेन मिसळलेला एनॅमल घ्या आणि छत दोन आठवडे तरी वर ठेवा. मध्येच बंद करणं भाग असेल तर पॅनेलांच्या मध्ये बेकिंग पेपर घाला. बिजागऱ्यांवर आणि घडीच्या कडांवर रंग नकोच. त्या थराची जाडीसुद्धा घडी अडवते.

गादी आणि नळ घेण्याआधी बंद छताखालची जागा मोजा. मोजायचा टेप आत घालून हे माप मिळत नाही. ओट्यावर, बाकांवर, पलंगाच्या चारही कोपऱ्यांत खेळण्यातल्या मातीचे उंच गोळे ठेवा, वर प्लास्टिकचा तुकडा टाका, छत कड्या लावून पूर्ण बंद करा आणि उघडून दबलेल्या गोळ्यांची उंची पट्टीने मोजा. गादी, अंथरूण आणि दुमडलेलं कापड मिळून त्या उंचीत बसायला हवं. जास्त जाड गादीने कड्या ताणल्या जातात, छताची कड उचललेली राहते आणि पाणी आत येतं. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळीची चटई घाला, नाहीतर श्वासाची वाफ खाली साचून बुरशी धरते. ओल्या कापडी भिंतींवर छत बंद करावं लागलं तर एक-दोन दिवसांत ते उघडून वाळवा.

भिंतीत भरायला एक्सपीएस फोम (पॉलिस्टायरीनचा कडक फोम) चांगला: पाणी पीत नाही, हलका आहे. फक्त सॉल्व्हंटचा गोंद त्याला विरघळवतो, फोमसाठीचाच घ्या. चमकदार फुगीर शीटला समोर हवेची पोकळी नसेल तर तिचा उपयोग नगण्य. जमिनीला एकसंध व्हिनाइल शीट. क्लिकच्या फळ्या हादऱ्यांनी जोडांत कुरकुरतात.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० अँपिअर-तासांची ११ ते १३ किलो भरते; तेवढ्याच क्षमतेची एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) दुपटीहून जड, आणि ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करू नये. जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारा) तिला पूर्ण भरतोच असं नाही, त्याची चार्जिंगची व्होल्टेज आधी तपासा. ट्रकच्या अल्टरनेटरवरून भरायची तर मध्ये डीसी-डीसी चार्जर लावा. फ्यूज पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात हवा. फ्रिजची वायर जाऊन-येऊन ६ मीटर असेल आणि १० अँपिअर वाहणार असतील तर २.५ स्क्वेअर मिमीत साडेतीन टक्के व्होल्टेज गळतं; ४ स्क्वेअरची ओढा. आणि हे सगळं ज्या बाकाखाली बसवाल तिथे गॅसचा सिलिंडर ठेवू नका. त्याला आतून पूर्ण बंद, तळाशी बाहेर भोक असलेला वेगळा कप्पा लागतो, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो.