सुरुंग की यंत्र?

ताळगावला भूशास्त्र शिकणारी भाची सेमिनारसाठी अडली: अणुकचरा पुरायचा बोगदा सुरुंगाने खणावा की यंत्राने?

बाय, आधी खडकाची इजा, म्हणजे खणताना त्याला पडणाऱ्या भेगा, बघ, कारण त्या भेगांतूनच पुढे पाणी वाहतं. स्वीडनच्या एस्पो या जमिनीखालच्या प्रयोगशाळेत दोन्ही पद्धती एकाच खडकात तपासल्या. यंत्राने कापलेल्या भिंतीत इजा काही सेंटिमीटरच. सुरुंगाने ती कित्येक पट खोल, तळाला सर्वांत जास्त, कारण तिथे स्फोटक दारू जास्त भरतात. खणल्यावर भोवतालचा ताण मात्र दोन्हीकडे बदलतो. यंत्र त्यातून सुटत नाही.

खर्चात, आखूड बोगद्याला यंत्र परवडत नाही.

लांब, सरळ बोगदा असेल तर यंत्र घ्यावं. फाटे, वळणं असतील तर जपून लावलेला सुरुंग. फिनलंडच्या ओंकालोत, म्हणजे तिथल्या अणुकचरा पुरायच्या जागेत, बोगदे सुरुंगानेच काढले, कचऱ्याचे डबे ठेवायची भोकं मात्र यंत्राने पाडली.