पाच तुकड्यांचा ‘बेबी बेडिंग सेट’: मच्छरदाणी झकास, बाकी चार तुकडे बाजूला

५ पैकी २ तारे, आणि दोन्ही मच्छरदाणीचे.

आम्ही डोंबिवलीत खाडीच्या बाजूला राहतो, संध्याकाळी साडेसहाला खिडक्या लावल्या नाहीत तर डासांचा थवाच आत येतो. म्हणून बाळ दीड महिन्याचं असताना ऑनलाइन हा सेट मागवला, १,१४९ रुपयांना. गादी, चेनवाली मच्छरदाणी, राईची उशी, दोन बाजूंना दोन गोल लोड. फोटोत अगदी राजेशाही थाट.

उशीवर सासूबाईंचा फार जीव. डोकं गोल होतं म्हणे. नवव्या दिवशी दुपटं झटकताना मोहरीचे चार दाणे टपटप फरशीवर पडले, एक बाळाच्या मानेच्या वळीत चिकटलेला. उशीची शिवण बोटभर उसवलेली. तो दाणा नाकातोंडात गेला असता तर?

लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी उशीबरोबर लोडही काढायला लावले. वर्षाचं होईपर्यंत उशी नको, सुटं पांघरूण नको, झोपवायचं ते पाठीवरच. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून रोज मान कोणत्या बाजूला वळते ते बदलायचं आणि जागं असताना आपल्यासमोर पोटावर खेळवायचं. लोडांचं म्हणाल तर, पाळण्याच्या कडेला बांधायच्या तसल्या मऊ गाद्या विकायला अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंदीच आली. इथे त्या ‘सुरक्षेसाठी’ म्हणून जास्तीच्या मिळतात!

उरली गादी. तळहाताने दाबून पाहा: माझ्या हाताचा खळगा पाच मोजेपर्यंत तसाच राहिला. एवढ्याशा जिवाचं तोंड त्यात वळलं तर मान उचलून बाजूला करायची ताकद त्याच्यात नसते. सोडलेलीच हवा तो परत घेत राहतो. वर ते कापड पॉलिस्टरचं, आठवड्यात पाठभर घामोळं.

शेवटी खोळीची चेन उघडून आतलं फायबर काढलं आणि स्टेशनजवळच्या गादीवाल्याकडून त्याच मापाचा दीड इंची रीबॉन्डेड फोम कापून घेतला. साडेतीनशे रुपये. “मॅडम, बाळासाठी एवढा कडक?” त्याने दोनदा विचारलं. त्यावर घट्ट बसणारी सुती चादर, बस. फोम मापात कापून घ्या, कडेला फट राहता कामा नये.

मच्छरदाणी मात्र खरंच छान. जाळी बारीक, तारा एका हाताने मिटतात, चेन रात्री आवाज न करता उघडते. चार महिन्यांत एकदाही डास आत नाही.

उशी परत करायला फोन केला तर “सेट तोडून परत घेत नाही” असं उत्तर. तुम्ही नुसती मच्छरदाणी विका ना, मी दोन घेईन.

सासूबाईंनी उशी उसवून मोहरी गॅलरीतल्या कुंडीत टाकली. ती मात्र झकास उगवलीय.