३,२०० रुपयांचं केमिकल आणि वाटीभर काजळी

मागच्या भाद्रपदात कसारा घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरलाही दम टाकायला लागली. एरवी चौथ्यात चढणारी. काळा धूर एवढा, की मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारून खूण केली. १.३ लिटर डिझेल, २०१४ ची, तेव्हा १,१२,००० किलोमीटर झालेली.

सर्व्हिस सेंटरने डीकार्बचे, म्हणजे इंजिनातली काजळी काढण्याचे, ३,२०० रुपये घेतले. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, पाइपातून केमिकल सोडलं, उघडलं काहीच नाही. दोन आठवडे गाडी हलकी वाटली, मी चार जणांना शिफारसही केली. दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. काय साफ झालं ते दाखवा म्हटलं, तर "आता इंजेक्टर बघावे लागतील." राग पैशाचा आहेच, पण न दाखवण्याचा जास्त.

शेवटी नाशिकच्या अंबडमधल्या एका फिटरकडून ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) खोलून घेतलं. मॅनिफोल्डच्या तोंडात करंगळी जेमतेम जात होती. आत डांबरासारखा ओला, चिकट थर. पेपरवर खरवडला तर वाटीभर निघाला. ईजीआर धुरातली काजळी परत आत आणतो, ब्रीदरच्या नळीतून इंजिन ऑइलची वाफ येते, दोन्ही मिळून हे बसतं. माझी रोजची फेरी पाच किलोमीटरची, इंजिन पुरतं तापतच नाही, म्हणून जास्तच. त्याने सुटे भाग रात्रभर डिझेलमध्ये भिजवून कार्ब क्लीनर आणि ब्रशने धुतले. तोवर इंजिनाच्या उघड्या तोंडांत कापडाचे बोळे, म्हणजे कचरा आत पडायला नको. नव्या गॅस्केटसकट २,६०० रुपये.

"पत्रा मारून ईजीआर बंदच करू का, दादा?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. ईजीआरमुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. आमच्या घरात दम्याचं माणूस आहे.

न खोलता केलेली सगळी सफाई फुकट, असं माझं मत झालं होतं. ते थोडं बदललं. मेव्हण्याची पेट्रोल गाडी आयडलिंगला थरथरायची. नुसती थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवा कमीजास्त करणारी झडप, पुसून घेतली, ६०० रुपयांत काम झालं. त्याच्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधीच फवारलं जातं, म्हणून तेच व्हॉल्व्ह धूत राहतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात जातं, तिथे ती सोय नाही, आणि डिझेलमध्ये तर नाहीच.

सात महिने झाले. अ‍ॅव्हरेज १६ वरून १९ वर आलं, घाट पुन्हा चौथ्यात चढते. इंजिन पुरतं तापावं म्हणून रविवारी त्र्यंबकपर्यंत मोकळी पळवतो. सकाळी थंड इंजिनावर अजून जरा धूर दिसतो. पुढच्या सर्व्हिसला टर्बोचा होज खोलून बघायचाय, मी समोर उभा असताना.