बेळगावच्या टिळकवाडीतलं थाई-सुशीचं हॉटेल, दिवाळीपासून खाऊन मग लिहितोय

आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर हे छोटं थाई आणि सुशीचं हॉटेल आहे, दिवाळीपासून जाणं-येणं चालूच आहे, बायको, आई, कधी मित्र, सगळ्यांना घेऊन झालं. थाई डोळे झाकून मागवा. सुशी (व्हिनेगरच्या भाताचा जपानी पदार्थ, बहुतेक वेळा मासा घालून) मात्र तिथं बसूनच खायची, पार्सल अजिबात नको.

ग्रीन करी आली की आधी वर बघा, हिरवट तेलाचा पातळ तवंग पाहिजे. आपण वाटण तेल सुटेपर्यंत परततो ना, तसंच तिकडं पेस्ट नारळाच्या घट्ट दुधात परततात, इथं ते खरंच करतात, नुसतं दूध ओतून उकळत नाहीत. गवती चहाचा दांडा आणि लिंबाच्या पानाचा वास पहिल्या घासालाच येतोय. पान आणि दांडा चावायचे नाहीत, बाजूला काढायचे, नव्या माणसाला हे कुणी सांगतच नाही. तिखट आपल्याला झेपतंय, पण कमी पाहिजे तर आधीच सांगा.

शाकाहारी असाल तर नीट वाचा. थाई पेस्टमध्ये सुक्या कोळंबीची पेस्ट असते, पॅड थायमध्ये (परतलेल्या तांदळाच्या नूडल्स) माशाचा सॉस, म्हणजे भाज्याच घातल्या म्हणून पदार्थ व्हेज होत नाही. गावातल्या दुसऱ्या एका ठिकाणी (नाव नको) आईला 'सगळं व्हेजच आहे ओ' म्हणून वाढलं आणि विचारत गेल्यावर कळलं की फिश सॉस घातलाय. आईनं ताट सरकवलं, मला फार वाईट वाटलं. इथला पोरगा स्वतः आत जाऊन विचारून आला, व्हेजची पेस्ट वेगळी वाटतात आणि फिश सॉसच्या जागी सोया घालतात म्हणून सांगितलं. तेव्हापासून आई पण येते.

आता सुशी. लोक मासा बघतात, मी भात बघतो, आणि बेळगाव-खानापूरच्या माणसाला भात कळतोच की. आपला बासमती मोकळा पाहिजे, सुशीचा आखूड दाण्याचा भात चिकटला पाहिजे पण दाणा न दाणा जिभेला वेगळा लागला पाहिजे, व्हिनेगर, साखर, मीठ बेताचं, आणि अंगाइतका कोमट. इथं गर्दी नसताना अगदी तसाच मिळतो. शनिवार-रविवारी आधीच करून ठेवलेला रोल येतो, बाहेरची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, चिवट झालेली, दातानं ओढावी लागते. एकदा पार्सल फ्रिजमध्ये ठेवून सकाळी काढलं तर भात कडक दाणे-दाणे झालेला, सगळं टाकलं.

कच्चा मासा म्हणजे फक्त सॅमन, तोही फ्रोझन. मित्र म्हणतोय गोव्याहून ताजा मासा येतोय की, तो का देत नाहीत. अहो, कच्च्या माशात जंत असू शकतात, अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न-औषध प्रशासन) मार्गदर्शनात असा मासा उणे 20 अंश सेल्सिअसवर 7 दिवस ठेवायला सांगितलंय, त्यामुळे फ्रोझन आहे तेच बरं. क्रॅब स्टिकमध्ये पण खेकडा शोधू नका, पांढऱ्या माशाचा लगदा असतो, बहुतेक वेळा अंड्याचं पांढरं पण असतं, अंड्याची ॲलर्जी असेल तर विचारून घ्या. वर मासा ठेवलेली सुशी सोया सॉसमध्ये भाताच्या बाजूनं बुडवली की सुटते, माशाची बाजू टेकवायची फक्त.

पॅड थाय जरा गोड करतात, चिंच जास्त घाला म्हटलं की घालतात. कच्च्या पपईचं सोम तम (थाई कोशिंबीर) ऑर्डर दिल्यावरच कुटतात, खलबत्त्याचा आवाज टेबलापर्यंत येतोय, माझं सगळ्यात आवडीचं. पार्किंग नाही, रस्त्यावरच लावावी लागते. दोघांचं पोटभर हजार-बाराशेत होतं, सुशी घेतली की वाढतं.

धारवाडी हापूस असेपर्यंत मँगो स्टिकी राइस पण असतो, चिकट तांदूळ, वर खारट-गोड नारळाचं दूध. रात्री उशिरा गेलं की संपलेला असतोय, तर बसल्या बसल्या आधी तोच सांगून ठेवा.