अमेरिकी विडंबन-गायक विअर्ड अल यांकोविकचा ‘द फूड अल्बम’ (१९९३): खादाड विडंबनांचं ताट

एकूण १० गाणी, सगळी खाण्यावरची आणि सगळी आधीच प्रसिद्ध झालेली. म्हणजे १९८३ ते १९९२ मधले अलचे अल्बम संग्रही असतील तर इथे नवं काहीच नाही.

‘ईट इट’ मात्र हेडफोन लावून ऐकावं. मायकल जॅक्सनच्या ‘बीट इट’चं हे विडंबन, निर्माता रिक डेरिंजर यानेच त्यात गिटार वाजवलीय. सोलो चढत चढत जातो आणि चक्क स्फोट होतो! मूळ गाण्याची इतकी हुबेहूब नक्कल जमली म्हणूनच विनोद लागतो. ‘माय बलोना’, ‘आय लव्ह रॉकी रोड’ ही सुरुवातीची गाणी अकॉर्डियनवर उभी. ‘फॅट’नंतर (जॅक्सनच्याच ‘बॅड’चं विडंबन) ती जरा किरकोळ वाटतात.

गाणी कालक्रमाने लावलेली नाहीत, त्यामुळे ध्वनिमुद्रणाचा दर्जा सारखा वरखाली होतो. पोल्का मेडली (गाजलेल्या गाण्यांचे तुकडे पोल्का नाचाच्या ठेक्यावर जोडून केलेलं गाणं) एकही नाही, स्वतंत्र चालीची गाणीही नाहीत. १९८५चा ‘डेअर टू बी स्टुपिड’ हा अल्बम तर पूर्ण वगळलाय. ‘टाको ग्रांदे’चं मूळ गाणं, ‘रिको सुआवे’, आधी ऐकून घ्या. नाहीतर अर्धी गंमत हुकते.